हिवराची सावली

देवळीच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा विशी नुकतीच ओलांडली होती. नॉर्मल, म्हणजे शिक्षिकेची परीक्षा, पास झाले होते, आणि आमच्या वस्तीतली नोकरी करणारी पहिली मुलगी म्हणून पुलगावला माझं कौतुकही झालं होतं. आई मी लहान असतानाच गेली. बाबा कापडाच्या मिलीत कामाला होते. बसमध्ये माझी वळकटी चढवताना ते म्हणाले, "घाबरजो नोको. पोरीच हायेत, वाघ नाईत." मी हसले. बस सुटल्यावर मात्र हसू आलं नाही.

आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला वर्षसव्वावर्ष झालं होतं. घरातले देव नदीत सोडले होते, जुनी कामं सोडली होती आणि नवीन नाव घेतलं होतं. पण देवळीत खोली शोधायला निघाले तेव्हा नवीन नावाचा अर्थ मला दारोदार समजावून सांगावा लागला. "बौद्ध म्हणजे कोण?" असं विचारत, आणि समजल्यावर खोली नेमकी कालच दिलेली असे.

शेवटी एका निवृत्त हेडमास्तरांनी खोली दिली. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत, मीही तेच म्हणू लागले. बायको वारलेली, मुलं नागपूरला नोकरीत. घराच्या मागच्या अंगाला एक खोली, तिला वेगळं दार. मी जात सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही शिक्षिका आहात. चुलीचा धूर माझ्या ओसरीवर येणार नाही एवढं बघा." मी मान डोलावली. त्या घरात मी दीडेक वर्ष राहिले. तेवढ्या काळात त्यांनी माझा उंबरठा ओलांडला नाही आणि मी त्यांचा ओलांडला नाही. बोलणं व्हायचं ते अंगणात. ते ओसरीवर बसत, मी माझ्या पायरीवर.

शाळेत चौघी शिक्षिका होतो. वाईट कुणीच नव्हतं. मधल्या सुट्टीत तिघी एका सतरंजीवर बसत आणि मला हाकही मारत, "या ना बाई." मी गेले की सतरंजीचा एक कोपरा मोकळा होई. त्या कोपऱ्यावर बसून काही दिवस डबा खाल्ला. मग मुलींच्या वह्या तपासायच्या आहेत असं सांगून मी वर्गातच जेवू लागले. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या लोकांची वस्ती होती. तिथे मी जायची तेव्हा बाया उठून उभ्या राहत, खाट झटकून देत, "बाई आल्या" म्हणत. चहा चिनी मातीच्या कपबशीत येई, ती बहुतेक घरातली एकच असावी. मी निघून जाईपर्यंत कुणी मोकळेपणानं हसत नसे. त्यांच्यातली होऊन बसायला गेलेली मी पाहुणी होऊन परत यायची.

असे दिवस होते. संध्याकाळी भाकरी टाकायची, वांग्याची भाजी करायची, एकटीनं जेवायचं. खोलीत माणसाचा आवाज असावा म्हणून मी मोठ्यानं कविता म्हणायला लागले. आधी पाठ्यपुस्तकातल्या, मग स्वतःच्या. एकदा अशीच एक कविता म्हणत होते, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "बाई, तिसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते."

 मी बोटांवर मोजून पाहिलं, खरंच कमी पडत होती.

त्या दिवसापासून गुरुजींशी कवितेवर बोलणं सुरू झालं. त्यांच्या स्वतःच्या कविता जुन्या वळणाच्या, वृत्तात बसवलेल्या, कमळ, भुंगा, चंद्र आणि चकोर यांनी भरलेल्या होत्या. मी एकदा विचारलं, "गुरुजी, देवळीत तुम्ही कमळ कुठं पाहिलं?" ते मनापासून हसले. "आणि तुमच्या प्रत्येक गाण्यात सूर्य का उगवतो, ते तुम्ही सांगा."

ते खरं होतं. तेव्हा सगळेच सूर्यावर लिहीत. देश नवा होता, आमच्यासाठी तर आयुष्यच नवं होतं, आणि नव्या गोष्टीला पहाट म्हणायची सवय सगळ्यांनाच लागली होती. वस्तीतल्या गाणी म्हणणाऱ्या मंडळाला मी दिलेली गाणीही तशीच होती. त्या मंडळाचा म्होरक्या माझ्याच वयाचा, विटा पाडणारा, खड्या आवाजाचा. तो दारात उभा राहून म्हणे, "ताई, एक गानं द्या. जोरदार पायजे." मी अंधार फाटला, किरण आले असं लिहून देई. तो पेटीवर चाल बसवी आणि खंजिरी वाजायला लागली की पोरं उभी राहत. मला बरं वाटे. पण खोलीत परत आल्यावर वाटे की हे मी लिहिलेलं नाही. लहानपणी मी कापूस वेचायला जायची. पहाट म्हणजे माझ्यासाठी बोंडावरचं थंडगार दहिवर, बधिर झालेली बोटं आणि ओला परकर. ती पहाट माझ्या एकाही गाण्यात नव्हती.

शाळेच्या वाटेवर गुरुजींचं शेत लागे. त्या शेताच्या बांधावर एक हिवर होता. बाभळीच्या जातीचं, काटेरी, पिवळट खोडाचं हे झाड आमच्या भागात कुठेही दिसतं. हिवराची सावली चांगली नसते, तिच्यात बसू नये, झोपू तर मुळीच नये असं लोक मानत. कडक उन्हात वाटसरू येत आणि त्या सावलीपाशी आले की वाट थोडी वाकडी करून पुढच्या कडुलिंबाखाली जाऊन बसत. मी कितीतरी दिवस हे पाहत होते, आणि पाहत होते हे मला कळत नव्हतं. त्या श्रावणात ते झाड पांढुरक्या फुलांनी भरून गेलं. बारीक बारीक गोंडे, वर मधमाश्यांचा गजर. खाली मात्र कुणी नाही. मी वाटेत उभी राहिले आणि मला शाळेतली सतरंजी आठवली.

ती कविता मी मोठ्यानं म्हटली नाही. मनातच रचली, मनातच खोडली. कागदावर उतरली तेव्हा सुरुवात अशी होती:

बांधावरच्या हिवरा,
तुझी सावली कुणी घेत नाही.
ऊन डोक्यावर आलं तरी
माणसं वाट वाकडी करतात.

आणि पुढे:

सावलीत दोष असतो
हे तुला कुणी शिकवलं नाही.
तू आपला दर श्रावणात
अंगभर फुलून उभा.

मंडळाच्या त्या तरुणाला मी ती आधी दाखवली. त्यानं बोट ठेवून सावकाश वाचली. मग कागद परत केला. "ताई, राग नोका मानू. हे झाडाचं गानं काऊन?"

"ते नुसतं झाड नाही."

"ते समजलं मले. म्हनूनच म्हनतो. हे झाड रडून राह्यलं. आमी आत्ता कुठं रडनं बंद केलं. पोराइले सूर्य पायजे, ताई. हिवर त्यायनं लय पाह्यला."

मी कागद घेऊन परत आले. गुरुजींना मी पहिलं कडवं तेवढं अंगणातून म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "चांगलं आहे. पण हिवर? सभेत शोभणार नाही. आंबा घाला, नाहीतर औदुंबर." पुढचं कडवं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सभा म्हणजे संक्रांतीचं कविसंमेलन. वाचनालयाच्या माडीवर दुपारी भरायचं. गुरुजी वाचनालयाच्या मंडळात होते, आणि माझं नाव त्यांनीच घातलं होतं. ही गोष्ट त्या गावात सोपी नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. बाया एका बाजूला बसल्या होत्या. वकील, डॉक्टर, कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर, मास्तर मंडळी समोर. एकामागून एक कवी उठले आणि एकामागून एक सूर्य उगवला. कुणी पहाट आणली, कुणी अरुणोदय, कुणी पूर्वेला गुलाल उधळला. खिडकीतून दुपारचं ऊन आत येत होतं आणि मी मनात म्हणत होते, आता आपली पाळी.

मी हिवरच वाचला. आंबा घातला नाही. टाळ्या पडल्या. त्या चांगल्या जोरात पडल्या, हे खरं सांगायला हवं. अध्यक्ष वर्ध्याहून आले होते. ते म्हणाले, "बाईंनी निसर्गाचं किती बारीक निरीक्षण केलंय! स्त्रीचं कोमल मनच एका काटेरी झाडावर अशी माया करू शकतं." पुन्हा टाळ्या. तिळगूळ वाटला गेला. एका बाईंनी माझ्या हातावर वरून तिळगूळ टाकला आणि गोड बोला म्हणाल्या.

मी गुरुजींना शोधत होते. ते जिन्यापाशी उभे होते, पाठ करून चपला घालत होते. माझ्याकडे न बघताच खाली उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा ते ओसरीवर होते. मी पायरीवर बसले.

"तो हिवर माझ्या बांधावरचा आहे," ते म्हणाले.

"हो, गुरुजी."

"माझ्या बांधावरचं झाड उचललंत आणि चारचौघांत माझ्यापुढे ठेवलंत."

"मी झाडावर लिहिलं, गुरुजी."

"नाही, बाई. अध्यक्षांना फसवलंत. मला नका फसवू." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "या गावात कुणी खोली देत नव्हतं तेव्हा मी दिली. वाट वाकडी करणाऱ्यांत तुम्ही मलाही धरलंत."

मला खूप काही सांगायचं होतं. मला म्हणायचं होतं की तुम्ही खोली दिली, मात्रा दुरुस्त करून दिल्या, तुमच्याएवढं या गावात माझ्याशी कुणी बोललं नाही. आणि हेही म्हणायचं होतं की तुमची ओसरी माझ्या पायरीपासून चार पावलांवर आहे आणि ती पावलं अजून कुणी टाकलेली नाहीत. यातलं एक म्हटलं तर दुसरं खोटं ठरेल असं वाटलं. ते उठले आणि आत गेले.

त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मी कधी मुद्दाम चुकीची ओळ म्हणून पाहिली, एक मात्रा जास्त, दोन मात्रा कमी. भिंत गप्प राहिली. भाडं द्यायला गेले की ते मान हलवत. त्या सगळ्या सभेत माझी कविता एकाच माणसाला कळली होती, आणि कळली म्हणूनच तो माझ्यापासून दुरावला. हे मी कुणाला सांगणार होते? अध्यक्षांनी स्तुती केलेली असल्यामुळे शाळेत सगळ्या मला 'आमच्या कवयित्री' म्हणायला लागल्या होत्या. वर्गातला डबा मला पूर्वीपेक्षा गार लागे. तो माघ मी कसा काढला, मलाच ठाऊक. मुली घरी गेल्या की मी रिकाम्या वर्गात उगाच फळा पुसत बसायची.

होळीच्या सुट्टीत पुलगावला गेले. बाबा दिवसपाळी करून आले होते, केसांत कापसाचे धागे अडकलेले. मी भाकरी केली, अंबाडीची भाजी केली. ते जेवून भिंतीला टेकले आणि म्हणाले, "तुयी कविता लय गाजली म्हनते देवळीले. मिलीतल्या एकानं सांगतलं. मले नाई ऐकवली."

"तुम्हाला आवडणार नाही, बाबा."

"आईकल्याबिगर कसं सांगू?"

मी म्हटली. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ते कान देऊन ऐकत. दोन्ही कडवी संपली. मी म्हटलं, "मंडळातला मुलगा म्हणतो हे झाड रडतं."

"रडते," बाबा म्हणाले. "मंग? रडू दे की. पन अर्धीच गोष्ट सांगतली तू."

"अर्धी कशी?"

"मी सालदार होतो ना, तुया जन्माच्या वक्ताले. दुपारी भाकर खायाची सुट्टी होये. आंब्याखाली बसलो का मालकाचं मानूस ये, ऊठ म्हने. लिंबाखाली बसलो का बाकीचे रोजदार येत, तिकडं सरक म्हनत. मंग मी आन तुयी माय हिवराखाली जाऊन बसो. तिथं कोनीच ये नाई." ते हसले. "साऱ्या वावरात ते एकच झाड होतं जिथून आमाले कोनी उठवलं नाई. आमी फडकं सोडो, भाकर खाओ, पाय लांब करून पडो. तुयी झोयी त्याच्याच फांदीले बांधे तुयी माय. काटे बोचू नये म्हनून वर लुगडं टाके."

आई मला आठवत नाही. तिचा चेहरा नाही, आवाज नाही. फोटो कधी काढलाच नव्हता. आणि इतकी वर्षं झाल्यावर ती मला अशी अचानक भेटली, एका झाडाखाली पाय लांब करून बसलेली, भाकर खाणारी.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू कधी हिवराचं बोललीच नाई," बाबा म्हणाले आणि आडवे झाले.

मी त्या झाडाला सगळ्यांनी टाकलेलं म्हणून पाहिलं होतं, आणि त्यात मी स्वतःला पाहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पण ज्याच्यापासून लोक लांब राहत होते तिथेच माझ्या आईबापांना निवांतपणा मिळाला होता. आशा म्हटलं की माझी नजर आभाळाकडे जायची. तीच आशा दुपारी, एका बदनाम सावलीत भाकर खात बसलेली असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. पुलगावहून परतताना बसमध्येच शेवटचं कडवं झालं:

तुझ्याच खाली कुणी दोघांनी
फडकं सोडलं, भाकर खाल्ली,
आणि साऱ्या रानात एकदा
'ऊठ' म्हणणारं कुणी नव्हतं.

मंडळाच्या तरुणाला ते वाचून दाखवलं तेव्हा तो विटांच्या भट्टीजवळ होता, हात मातीनं भरलेले. त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "हे म्हनतो आमी. पन चाल बदलावी लागंल. आन 'कुनी' नाई, 'कोनी' करा. नाईतर आमच्या तोंडात बसनार नाई."

वैशाख पौर्णिमेच्या दुपारी आमच्या विहारात, म्हणजे चार बल्ल्या आणि वर टिनं टाकलेल्या मांडवात, त्यांनी ते गायलं. पेटी हळू, खंजिरी नुसती बोटांनी. सूर्याच्या गाण्याला पोरं उभी राहत तशी कुणी उभं राहिलं नाही. टाळ्याही पडल्या नाहीत. फक्त शेवटचं कडवं संपल्यावर एक म्हातारी मागून म्हणाली, "ते शेवटचं अजून एकडाव म्हना." त्यांनी म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा म्हटलं. मी बायांमध्ये बसले होते. शेजारच्या बाईनं माझ्या मांडीवर हात ठेवला होता, तो तिनं गाणं संपेपर्यंत काढला नाही. त्या दिवशी चहा आला तो जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यात, सगळ्यांना आला तसाच.

एवढ्यानं एकटेपणा गेला असं मी म्हणणार नाही. खोलीत परत आले तेव्हा ती तशीच होती. गुरुजींना ते नवीन कडवं सांगावं असं फार वाटे. मात्रा मोजूनच त्यांनी ऐकलं असतं. दोनदा मी पायरीवर बसून घसा साफ केला, पण ते वर्तमानपत्र वाचत राहिले. मांडवातलं गाणं त्यांच्या कानावर गेलं की नाही, मला आजही माहीत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली आर्वीकडच्या एका गावी झाली. वळकटी बांधली, खोली झाडून काढली, किल्ली द्यायला अंगणात आले. गुरुजी ओसरीवरून उठले. पायऱ्या उतरून खाली आले आणि किल्ली माझ्या हातातून घेतली. त्यांना बोलायचं होतं असं दिसत होतं.

"तिकडचं पाणी चांगलं नाही," शेवटी ते म्हणाले. "मी होतो त्या भागात. उकळून पीत जा."

"हो, गुरुजी."

मी वाकून नमस्कार केला नाही. आम्ही ते सोडलं होतं. हात जोडले. त्यांनीही जोडले. बसची वेळ झाली होती.

आर्वीकडच्या त्या गावातलं पाणी खरंच मचूळ निघालं. तिथे होते तोवर मी ते रोज उकळून प्यायले.